आजाऱ्यांची पेटी आणि नागलीची भाकर

नाताळ अंकाच्या संपादकांचं पत्र आलं ते ह्यांच्या नावानं. मोखाड्याच्या डोंगरात पाळक म्हणून केलेल्या सेवेच्या आठवणी लिहून पाठवाव्यात, अशी विनंती होती. ह्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि पत्र माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, “तूच लिही. माझ्याकडे नुसते उपदेश आहेत, आणि ते ऐकणाऱ्यांनासुद्धा आठवत नाहीत.”

म्हणून मी लिहिते आहे. मी पाळकीणबाई, म्हणजे पाळकांची बायको. ज्यांना चर्चमधलं फारसं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पाळक म्हणजे मंडळीचा धर्मगुरू. आमच्या पंथात ते लग्न करतात. त्यांची नेमणूक होते, बदली होते, निवृत्ती होते. पाळकीणबाईची नेमणूक होत नाही. ती सामानाबरोबर येते.

मी अशी सामानाबरोबर मोखाड्याला आले तेव्हा चर्चच्या किल्ल्या माझ्या हातात पडल्या, त्या निवृत्तीपर्यंत माझ्याच कमरेला होत्या. झाडलोट, फुलं, संडेस्कूल, बायकांची प्रार्थनासभा, कोणाच्या घरी बाळंतपण तर कोणाच्या घरी मयत. खोडाळा, पोशेरा, सूर्यमाळ अशी विखुरलेली आमची मोजकी घरं. पाळकसाहेब आले की पुरुष ओट्यावर बसून त्यांच्याशी बोलत, आणि खरं काय ते आत चुलीपाशी मला कळे. परतीच्या जीपमध्ये मी ह्यांना सांगायची, “नवरा-बायकोत बोलणं बंद आहे. तुम्हाला नुसता चहा पाजून पाठवलं.” हे म्हणायचे, “असं होय!” तीस वर्षं हे “असं होय” म्हणत आले.

आमच्याकडे एक विधी फार मोठा, प्रभुभोजन. प्रभूच्या अखेरच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घ्यायचा. आता मोखाड्यात द्राक्षं कुठून आणणार? मी जव्हारच्या बाजारातून काळ्या मनुका आणायची, आदल्या दिवशी भिजत घालायची, उकळून, कुस्करून, तलम फडक्यातून गाळायची. भाकरही मीच भाजायची, गव्हाची, बिनखमिराची. पेले मी घासायची, वरचं पांढरं कापड मी इस्त्री करायची. आणि रविवारी सकाळी ते सगळं मेजावर मांडलं, की मी दोन पावलं मागं सरायची. तिथून पुढे माझा हात लागायचा नाही. शब्द म्हणायचे पाळकांनी, तबक धरायचं मंडळीच्या वडिलांनी. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेले वडीलधारे कारभारी. ते सगळे पुरुषच.

त्यातले मुख्य काशिनाथ गुरुजी. सूर्यमाळचे. प्राथमिक शाळेत जन्म गेला, निवृत्तीनंतर मंडळीचे चिटणीस झाले. माणूस सुपारीसारखा टणक. बायकांनी मंडळीत गप्प राहावं अशा अर्थाचं एक वचन पवित्र शास्त्रातल्या एका पत्रात आहे, ते गुरुजींना तोंडपाठ. एकदा बायकांच्या सभेचा अहवाल मी उभी राहून वाचला, तर गुरुजी उठून म्हणाले, “बाई, बसा. साहेब वाचतील.” ह्यांनी वाचला. त्यांना माझं अक्षर लागेना, म्हणून दर ओळीला माझ्याकडे वळून विचारत होते. म्हणजे शेवटी सगळा अहवाल मीच सांगितला, फक्त बसून. गुरुजींचं समाधान झालं.

पुरुष हा बायकोचं मस्तक, हे दुसरं वचन. लग्नाआधी नवरा-नवरीला चार गोष्टी शिकवायची आमच्याकडे पद्धत आहे. ह्यांनी दोघांना समोर बसवून शिकवायचं आणि मी चहा द्यायचा. पोशेऱ्याचा एक नवरदेव होता, संतोष. लग्नाला दोन महिने झाले नाहीत तर तक्रार घेऊन आला. बायको ऐकत नाही, मी मस्तक आहे हे मानत नाही. हे काही बोलायच्या आत मी आतून विचारलं, “पाणी कोण भरतं रे?” म्हणाला, “तीच की.” मी म्हटलं, “हंडा कशावर ठेवते? डोक्यावरच ना? मग मस्तक तू आहेस तर आठ दिवस हंडा तू वाहा. नंतर ये तक्रार घेऊन.” हे हसू दाबत बाहेर निघून गेले. संतोष परत काही आला नाही. पुढे बायकोच एकदा खोडाळ्याच्या बाजारात भेटली, म्हणाली, “बाय, आता तो दोन हंडं आणतो नि दहा वेळा सांगतो.” मी म्हटलं सांगू दे, पाणी येतंय ना.

हे लिहिताना मजा वाटते. पण आता जे सांगणार आहे ते आठ वर्षं मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

वैशाखातली गोष्ट. हे आणि गुरुजी दोघंही नाशिकला वरिष्ठांच्या सभेला गेले होते. सभेत चर्चेचा विषय काय, तर बायकांना पाळक म्हणून दीक्षा द्यावी की नाही! गुरुजी विरोधात बोलायला मुद्दे काढून, वहीत लिहून घेऊन गेले होते. सकाळी खोडाळ्याकडून आलेल्या जीपवाल्यानं दारात हॉर्न वाजवला. “बाय, सूर्यमाळची बुधीआजी जाया आली. पाळकाला पेटी घेऊन बोलावलंय.”

बुधीआजी म्हणजे गुरुजींची आई. आणि पेटी म्हणजे आजाऱ्यांची पेटी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी जाऊन प्रभुभोजन देतात, त्यासाठी एक लहानशी लाकडी पेटी असते. त्यात छोटा पेला, रसाची बाटली, भाकरीचा डबा आणि एक रुमाल. मी ह्यांना फोन लावला, बंद. गुरुजींना लावला, बंद. सभेत बसले असणार. म्हटलं, निदान आजीजवळ जाऊन बसू, गाणं म्हणू. ह्यांच्या मागं ती पेटी धरून चालायची इतकी सवय, की निघताना हातानं ती आपोआप उचलली. देवाशपथ, मनात दुसरं काही नव्हतं.

सूर्यमाळला पोचले तेव्हा ऊन कडक झालं होतं. गुरुजींची बायको, सुंदरवहिनी, नुकतीच विहिरीवरून आलेली. खाली उतरून पाणी आणायचं म्हणजे तिथं उन्हाळ्यात अर्धा दिवस जातो. तिनं हंडे उतरवले आणि मला आत नेलं. आजी खाटेवर. अंगात काही उरलं नव्हतं, डोळे मात्र लख्ख. तिनं आधी पेटी बघितली, मग मला.

“पाळक कुठं हाय?”

“नाशिकला, आजी. उद्या येतील.”

“उद्या मी नाय.” एसटी चुकेल म्हणावं इतक्या सहज म्हणाली. मग हात जरासा उचलला. “तू दे.”

“मला चालत नाही, आजी.”

“कां? हात धुतलं नाय?”

काय सांगणार? मी म्हटलं, हात धुतलेत, पण नियम आहे. आजीनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, “भाकर कोण भाजतं?”

“मी.”

“रस कोण करतं?”

“मी.”

“मंग राहिलं कांय?”

राहिले होते फक्त शब्द. आणि ते म्हणायचा अधिकार मला नव्हता. हे कळलं असतं तर वरिष्ठांनी ह्यांना जाब विचारला असता, कदाचित ह्यांची सेवा गेली असती. शिवाय दुसरी भीती त्याहून मोठी होती. मी दिलेलं ते खरं प्रभुभोजन होईल का? का आजी नुसता भाकरीचा तुकडा खाऊन, फसून जाईल? सुंदरवहिनीनं पेटी खाटेजवळ सरकवली.

मी पेटी उघडली. बाटलीत रस होता, पण भाकरीचा डबाच नव्हता! आदल्या दिवशी धुवायला म्हणून मीच काढला होता आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हात ठेवला होता. हात्तिच्या! क्षणभर वाटलं, देवच नको म्हणतोय, सुटले. तेवढ्यात सुंदरवहिनी चुलीकडे गेली आणि टोपलीतली सकाळची नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर घेऊन आली. “ही चालल?” तिनं विचारलं. काळीसावळी, कडेला जराशी करपलेली. मी म्हटलं, “चालेल.” जे चालत नव्हतं ते तर मी करायला निघालेच होते. भाकरीनं आणखी काय बिघडणार होतं?

पदर डोक्यावर घेतला. शब्द मला येत होते, न येऊन सांगतात कुणाला? इतकी वर्षं पहिल्या बाकावर बसून मनातल्या मनात ह्यांच्याबरोबर म्हटलेले. तोंडातून मात्र पहिल्यांदाच काढत होते. माझाच आवाज मला परका वाटत होता. भाकर मोडण्याच्या आधी एका जागी हे नेहमी खाकरतात. शब्द मी त्यांच्याकडूनच ऐकून शिकलेली, म्हणून त्या जागी मीही खाकरले! आजीनं एक डोळा उघडला. “खोकला मागून काढ, बाय.”

सुंदरवहिनी फिसकन हसली आणि त्याच हसण्यात पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तुकडा रसात बुडवून मऊ केला आणि आजीच्या जिभेवर ठेवला. बराच वेळ तिनं तो चघळला. गिळला. म्हणाली, “बरं झालं.” मग झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. दुपारी हे दोघे नाशिकहून आले. मातीची तयारी चालू होती. गुरुजी अंगणात आले, चपला काढल्या आणि तिथंच थांबले. मला विचारलं, “बाई, आईला भोजन मिळालं नाही ना? राहूनच गेलं ना?”

मी म्हटलं, “मी प्रार्थना केली, गुरुजी.”

एवढंच. टणक माणूस तो, खांबाला टेकून लहान मुलासारखा रडला. “एवढी एकच मागणी होती तिची,” म्हणाला. आणि मी गप्प उभी. माझ्या एका वाक्यानं त्याचं रडू थांबलं असतं, पण ह्यांच्या सेवेच्या भीतीनं माझी जीभ उचलली नाही. त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते.

पुढची आठ वर्षं काय सांगू! ह्यांना सांगायचं हजारदा ठरवलं. पण सांगितलं तर ह्यांना लपवावं लागणार किंवा वर कळवावं लागणार, आणि हे खोटं लपवणारे नव्हेत. दर वर्षी वरिष्ठांकडून तपासनीस येत, दफ्तर बघत. मी त्यांना पिठलं-भाकरी वाढायची आणि अर्धं पिठलं ताटाबाहेर सांडायची. हे म्हणायचे, “दमलीस वाटतं.” प्रभुभोजनाच्या रविवारी तुकडा हातात घेताना मी मान वर करायची नाही. मीच भाजलेली भाकर, आणि मीच ती चोरासारखी खायची. दर वेळी मला आजी आठवे. तिचं “बरं झालं” खरं धरावं की नाही, हे कोणाला विचारायचीही सोय नव्हती.

मागच्या वर्षी हे निवृत्त झाले. बायकांना दीक्षा द्यायचं मधल्या काळात आमच्या पंथात ठरलं होतं, आणि मोखाड्याला नवीन पाळक म्हणून चक्क एक बाई आली. नीलमताई. तिशी ओलांडलेली, मोटरसायकलवरून फिरणारी. नवरा जव्हारला कचेरीत कारकून. चार्ज द्यायच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सगळी दफ्तरं मांडली होती. बाप्तिस्मे, लग्नं, मयती, प्रभुभोजनं. ताई एकेक उघडून बघत होती. हे खुर्चीत बसून चहा घेत होते, मी पोहे परतत होते.

“साहेब, हे काय आहे?” ताईनं विचारलं आणि मोठ्यानं वाचलं. “बुधीबाई, सूर्यमाळ. आजारात घरी प्रभुभोजन. देणार, सौ. सुशीला. भाकर नागलीची.”

माझ्या हातातला झारा खाली पडला.

मी तशीच बाहेर आले. दफ्तर ओढून घेतलं. ह्यांचं अक्षर, ह्यांची सही. तारीख त्याच आठवड्यातली. आणि शेजारी चिटणीसाची सही, वळणदार, मास्तरी. काशिनाथ गुरुजींची. खाली दर वर्षीच्या तपासनीसाचा शिक्का, ‘पाहिले’. एकानंही वाचलं नव्हतं!

“तुम्हाला ठाऊक होतं?” माझा आवाज मला आवरेना. “आठ वर्षं?”

हे कप खाली ठेवत म्हणाले, “सुंदरवहिनींनी गुरुजींना मातीनंतर दोन दिवसांनी सांगितलं. गुरुजी माझ्याकडे आले. म्हणाले, साहेब, घडलं ते दफ्तरात आलं पाहिजे. मी लिहिलं, त्यांनी सही केली.”

“आणि मला?”

“तुला सांगितलं असतं तर तू खोडायला लावलं असतंस. माझ्यासाठी.” मग म्हणाले, “मला ते खोडायचं नव्हतं.”

“अहो, पण कुणी वाचलं असतं तर सेवा गेली असती तुमची!”

“गेली असती,” हे म्हणाले. “पण लिहिलं नसतं तर आजीचं भोजन झालंच नाही असं झालं असतं. ते झालं होतं, सुशीला. पूर्ण झालं होतं.”

मग मला रडू फुटलं. अहो, आठ वर्षांचं रडू ते! ताईनं उठून गॅस बंद केला, पोहे करपले होते. रडून झाल्यावर असा संताप आला, की विचारू नका. मी म्हटलं, “बायकांनी गप्प राहावं, गप्प राहावं! आणि तुम्ही दोघं बाप्ये तोंडाला कुलूप लावून बसलात! माझी झोप उडाली होती, कळतंय का?” हे म्हणाले, “असं होय!” यावर मी हसायला लागले. दुसरं करणार तरी काय?

त्या रात्री मी जी झोपले, ती उजाडून ऊन अंगावर आल्यावरच उठले.

आठवड्यानं सूर्यमाळला गेले. गुरुजी आता थकलेत, ओट्यावर काठी घेऊन बसतात. मी समोर बसले आणि म्हटलं, “सलाम, गुरुजी. दफ्तर वाचलं मी.” त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“मी तेव्हा तुम्हा बायकांच्या विरुद्ध सभेत तासभर बोलून आलो होतो, बाई. टाळ्या पडल्या होत्या. घरी आलो तर हे. कुठल्या तोंडानं तुमच्याशी बोलायचं?”

“मग सही कशी केलीत? वचनाविरुद्ध?”

“वचन मला अजून पाठ आहे,” ते म्हणाले. “मी ते सोडलेलं नाही. पण आई माझी होती.” आतून सुंदरवहिनीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि डोळ्यानं मला खूण केली, आता पुरे. मी म्हटलं, “अंगणात तुम्ही रडलात आणि मी गप्प राहिले. तेवढं माफ करा.” त्यांनी नुसती मान हलवली. दोघांचंही देणंघेणं फिटल्यासारखं वाटलं, आम्ही पाणी प्यायलो.

नीलमताईचं पहिलं प्रभुभोजन होतं त्या रविवारी मनुका भिजवायला तिचा नवराच आला होता, वही घेऊन. किती भिजवायच्या, किती उकळायच्या, सगळं लिहून घेतलं त्यानं. मी म्हटलं, “पाळकीणबाई, फडकं तलम घ्या हं.” बिचारा लाजला. भाकर मात्र त्या दिवशी मी भाजली. अखेरची म्हणून. गव्हाचीच, नियमाप्रमाणे.

उपासना सुरू झाली. ताई उपदेशाला उभी राहिली तसे काशिनाथ गुरुजी उठले, काठी टेकत बाहेर गेले आणि ओट्यावर दाराकडे पाठ करून बसले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ताईचा चेहरा उतरला, पण ती बोलत राहिली. चांगलं बोलली. मी मनातून गुरुजींवर चरफडत होते, एवढं होऊनही याचं हेच!

उपदेश संपला. ताईनं मेजावरचं पांढरं कापड उचललं. तेव्हा काठीचा आवाज आला. गुरुजी आत आले, सगळ्यांच्या पुढं गेले आणि ताईसमोर दोन्ही हात एकावर एक ठेवून उभे राहिले. तिनं तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला, सावकाश. परत जाताना माझ्या बाकापाशी थांबले, वाकले.

“बाई,” हळूच म्हणाले, “पुढच्या वेळी नागलीची करा.”

मी मान वर करून माझा तुकडा घ्यायला उठले.